‘जडवस्तू’ छापून येईपर्यंतचे तीस महिने

‘जडवस्तू’ ही माझी छोटी कादंबरी छापून हातात आल्यापासून तीन प्रश्न सारखे येऊन राहिले. खर्च किती आला? आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, कुठून मिळवला? आणि तिसरा, जरा आवाज खाली करून, ‘मॅडम, ही तुमचीच गोष्ट का?’ पहिल्या दोहोंची उत्तरं तारखा आणि पावत्यांसकट देते, कारण मी शोधत होते तेव्हा कुणी धड सांगितली नव्हती. तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असं आहे. ते कुणाला पटत नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

मी नागपुरात एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. डिसेंबर २०२२ मध्ये मला विधिमंडळ अधिवेशनाची ड्युटी लागली. वर्षातलं एक अधिवेशन नागपुरात, हे १९५३ च्या नागपूर करारात ठरलेलं. पण २०२० आणि २०२१ ला कोरोनामुळे हिवाळी अधिवेशन मुंबईतच उरकलं होतं. १९ डिसेंबर २०२२ ला ते परत आपल्या गावात भरणार होतं आणि मधल्या दोन वर्षांत सगळं कसं करायचं हे निम्मे लोक विसरले होते. माझ्या वाट्याला मुंबईहून येणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या मुक्कामाच्या खोल्या आल्या. खोलीत गाद्या किती, उशा किती, ब्लँकेटं किती, गीझर चालू की बंद.

त्यासाठी २०१९ चं जडवस्तूंचं रजिस्टर काढलं. ज्याला आम्ही डेडस्टॉक म्हणतो ते, टिकाऊ सामानाच्या नोंदीचं. धुळीने हात काळे झाले. त्यात दोन वेगवेगळी अक्षरं होती. एक बसकं, गोल. दुसरं तिरपं, घाईचं. चौदा नंबरच्या खोलीसमोर शेऱ्याच्या रकान्यात गोल अक्षरात लिहिलं होतं, ‘उशी १ फाटकी.’ त्याखाली तिरप्या अक्षरात, ‘शिवून घेतली.’ मग गोल अक्षर, ‘कोणी?’ मग तिरपं, ‘मीच.’ आणि त्याच्या पुढे गोल अक्षराची सही, तारखेशिवाय. वीस वर्षांच्या नोकरीत तारखेशिवाय सही करणारा आमचा माणूस मी पाहिला नव्हता. सहीशिवाय तारीख पाहिली आहे.

मी ते पान दोनदा वाचलं. स्टोअरमधल्या भाऊंना विचारलं, ही अक्षरं कुणाची? ते म्हणाले, ‘मले काय मालूम मॅडम, मी तर मागच्याच साली आलो.’ पुढे कुणालाच विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला माहीत करून घ्यायचंच नव्हतं.

एवढंच आहे ते. बाकी सगळं बनवलेलं.

जानेवारी २०२३ मध्ये लिहायला लागले. सुभाष नगरला मेट्रोत बसायचं, सीताबर्डीला गाडी बदलायची, कस्तुरचंद पार्कला उतरायचं, तेवढ्या वेळात मोबाइलवर जमेल तेवढं. कधी अडीचशे शब्द, कधी एकच ओळ. रविवारी दुपारी ते लॅपटॉपवर घेऊन नीट करायचं. उन्हाळ्यात कूलरच्या आवाजात काही सुचत नाही, त्यामुळे मे महिना कोरडा गेला. नोव्हेंबरअखेर एकतीस हजार शब्द झाले.

गोष्ट थोडक्यात अशी. अर्चना लिपिक, प्रफुल्ल कनिष्ठ अभियंता, आमच्या भाषेत जेई. २०१९ च्या अधिवेशनात दोघांनी मिळून खोल्यांचं रजिस्टर ठेवलं, आणि त्या महिन्यात जे व्हायचं ते झालं. मग फाटलं. तीन वर्षं बोलणं नाही. २०२२ ला अधिवेशन परत येतं आणि साहेबांच्या लक्षात येतं की ते जुनं रजिस्टर कुणालाच वाचता येत नाही. ‘ख.१४, उ.२ (१ वि.)’ म्हणजे काय हे लिहिणाऱ्यांनाच ठाऊक. म्हणून दोघांनाही त्याच कामावर घेतलं जातं.

दुरावलेल्या दोघांना एकत्र आणणाऱ्या गोष्टी मी पुष्कळ वाचल्या आहेत. त्यात बहुतेक वेळा लिफ्ट बंद पडते, नाहीतर पाऊस येतो. मला ते कामातूनच यायला हवं होतं. दोघांनाही ‘नाही’ म्हणता येणार नाही असं काम, आणि एकाशिवाय दुसऱ्याला ते पुरं करता येणार नाही असं. माझ्या मते लिहिणाऱ्याने सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा. एकत्र येण्याचं कारण ढिलं असेल तर वाचणारा दर दहा पानांनी विचारतो, हे दोघं इथून उठून जात का नाहीत?

पहिला खर्डा मी आमच्या आस्थापना शाखेतल्या ताईंना दिला. पुढच्या वर्षी त्या निवृत्त होणार, तोंडावर सांगायला भीत नाहीत. चार दिवसांनी डब्याच्या वेळी त्यांनी गठ्ठा परत केला. ‘बाकी ठीक आहे. पण यांचं भांडण एका फोनवर मिटलं असतं न व. सव्वाशे पानं कायले जाळली?’

मी घरी येऊन रडले. मग वाचून पाहिलं तर खरंच होतं. मी गैरसमजावर दुरावा उभा केला होता: तिने कुणाचा तरी मेसेज पाहिला, त्याने खुलासा केला नाही. अशा गैरसमजावर गोष्ट उभी राहते, पण माणसं लहान होतात. ते सगळं काढलं. नव्या खर्ड्यात कुणाचीच चूक नाही. अर्चनाच्या वडिलांना अर्धांगवायू, ती नागपूर सोडू शकत नाही. प्रफुल्लचे आईवडील वणीकडे, शेती पडीक पडायला लागलेली, तो विनंती बदली घेऊन जातो. दोघंही बरोबर. मग बोलायचं काय? फोन करून मिटवायचं काय? आता तीन वर्षांचा अबोला मला खरा वाटायला लागला. या एका बदलाला २०२४ चे पहिले सहा महिने गेले आणि चार हजार शब्द कमी झाले.

दुसरी अडचण बोलण्याची. माझे हे दोघं समोरासमोर आले की मालिकेतल्यासारखं बोलायला लागायचे. ‘तू मला का सोडून गेलास’ वगैरे. कार्यालयात असं कोण बोलतं? तिथे पाच टेबलांवर दहा कान असतात. एक दिवस एका नस्तीवर, म्हणजे फाइलवर, टिपणी लिहिता लिहिता लक्षात आलं की आमच्याकडे रागावण्याची, रुसण्याची, मनवण्याची सगळी सोय टिपणीच्या भाषेतच आहे. ‘कृपया पहावे’ आणि नुसतं ‘पहावे’ यात केवढा फरक आहे हे कारकुनाला विचारा. ‘चर्चा करावी’ हा शब्द साहेबाने लिहिला की पोटात गोळा येतो.

म्हणून तीन वर्षांनंतरचं त्यांचं पहिलं बोलणं मी रजिस्टरातच ठेवलं. तो लिहितो: ‘खोली क्र. १४ ची चावी मिळावी, ही विनंती.’ ती लिहिते: ‘चावी दिली. पोच द्यावी.’ तो: ‘पोच.’ दुसऱ्या दिवशी ती: ‘पोच अपूर्ण. तारीख नाही.’ तो तारीख टाकतो, पण २०१९ ची. चूक म्हणून की मुद्दाम, हे मी सांगितलेलं नाही. ती ती खोडत नाही. एवढ्या आठ ओळींचं प्रकरण मी सात वेळा लिहिलं. पुस्तकात मला आवडणारा भाग विचाराल तर हाच.

दुसरा भाग मोर्चाचा. चाळीस ब्लँकेटं ऑटोत भरून दोघं निघालेले आणि मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला बॅरिकेड. मोर्चा अडवलेला, ऑटो पुढे जात नाही, मागेही नाही. ब्लँकेटं मांडीवर, खांद्यावर, दोघांच्या मधे. एक हवालदार वाकून आत पाहतो आणि विचारतो, ‘हे काय होय जी, संसार घेऊन चालले का?’ दोघंही उत्तर देत नाहीत. हे प्रकरण मी घरात वाचून दाखवलं तेव्हा सासूबाई डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, ‘त्या पोराले स्वेटर तरी घालू दे माय. डिसेंबर आहे.’ मी घातलं. मरून रंगाचं, कोपरावर विरलेलं. पुढे दोन ठिकाणी ते कामी आलं.

ऑगस्ट २०२४ मध्ये कॉपीराइटचा अर्ज केला. लिहिलं की हक्क आपोआप लेखकाचा होतोच, नोंदणी बंधनकारक नाही, हे मला माहीत होतं. पण प्रकाशकांना हस्तलिखित पाठवायचं होतं आणि मी भित्री आहे. कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर फॉर्म चौदा, साहित्यकृतीला शुल्क ५०० रुपये. सोबत दोन विवरणपत्रं असतात, त्यांत ‘अप्रकाशित’ की ‘प्रकाशित’ हे विचार करून भरा, पुढची बरीच कागदपत्रं त्यावर ठरतात. पैसे भरले की डायरी नंबर मिळतो. त्यानंतर तीस दिवस कुणाची हरकत येते का याची वाट, मग तपासणी. माझं प्रमाणपत्र यायला साडेपाच महिने लागले. डायरी नंबर कागदावर लिहून फ्रिजला चिकटवा, लॉगिनचा पासवर्ड माणूस विसरतो.

प्रकाशकांचं थोडक्यात सांगते. दोघांना पाठवलं. एकाकडून पाच महिने काहीच नाही, अजूनही नाही. दुसऱ्यांचा फोन आठवड्यात आला, फार गोड बोलले, आणि शेवटी ‘लेखकाचा सहभाग’ साठ हजार सांगितला. त्यात मला पन्नास प्रती. उरलेल्या किती छापणार, कुठे ठेवणार, याचं लेखी काही देईनात. घरी येऊन हिशेब मांडला आणि जानेवारी २०२५ मध्ये ठरवलं, पैसे आपलेच जाणार तर पुस्तकंही आपल्याच घरी राहू दे. (नंतर कळलं की महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना असते. माझी संधी गेली. ज्यांचं पहिलं पुस्तक अजून व्हायचं आहे त्यांनी आधी तिकडे चौकशी करावी.)

आता सरकारी नोकरीतल्यांसाठी महत्त्वाचं. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे निव्वळ साहित्यिक, कलाविषयक किंवा शास्त्रीय लिखाणाला पूर्वपरवानगी लागत नाही. शासनाच्या धोरणावर टीका मात्र चालत नाही. माझ्या गोष्टीत अधिवेशन, आमदारांचे स्वीय सहायक, बंद गीझर असं सगळं होतं. ही टीका की साहित्य? मला विचारलं तर गीझर बंद होता हे वास्तव आहे. तरी मुख्य लिपिक म्हणाले, ‘एक अर्ज टाकून ठेवा. उद्या कुणी बोललं तर कागद पाहिजे.’

३ फेब्रुवारीला अर्ज दिला. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या नस्त्या फिरवल्या; आपलीच नस्ती टेबलावरून टेबलावर जाताना पाहणं हा वेगळाच प्रकार आहे. माझ्याच शेजारच्या टेबलावर ती सहा दिवस पडून होती आणि मला विचारायची चोरी. सातव्या दिवशी शेजारीण म्हणाली, ‘अगं, मी वाचून राहिले आहे. सोबत जोडलं होतंस न खर्डा.’ हस्तलिखित सहपत्र म्हणून जोडू नका. फक्त सारांश जोडा.

मग वर गेली. साहेबांनी लिहिलं, ‘चर्चा करावी.’ पोटात गोळा. आत गेले तर साहेबांनी चष्मा काढला आणि विचारलं, ‘यातले कार्यकारी अभियंता कोणावरून घेतले?’ मी म्हटलं, कोणावरूनच नाही सर. ‘ते दर वेळी चहा थंड करून पितात असं लिहिलं आहे.’ साहेबांच्या टेबलावर त्या वेळी साय धरलेला चहाचा कप होता. मी काय बोलणार? ते दोन मिनिटं गप्प राहिले, मग सही केली. फेब्रुवारीअखेर पत्र हातात आलं: लिखाण साहित्यिक स्वरूपाचं असल्याची नोंद घेतली, शासकीय पदनामाचा वापर पुस्तकावर करू नये. एकूण तीन आठवडे आणि वर काही दिवस. आमच्याकडच्या मानाने हे धावत गेलं म्हणायचं.

आणखी एक. प्रकाशक म्हणून मी माझं नाव घातलं नाही. पुस्तकं विकणं हा खासगी धंदा ठरेल का, या वादात मला पडायचं नव्हतं. यांचं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे, प्रकाशक म्हणून यांचं नाव घातलं. त्यामुळे आयएसबीएनचा अर्जही यांच्या नावाने.

आयएसबीएन मोफत असतो. हे मोठ्याने सांगते, कारण मला एका डीटीपीवाल्याने (संगणकावर पुस्तकाची पानं लावणाऱ्याने) त्याचे अडीच हजार सांगितले होते. भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सी देते, ती शिक्षण मंत्रालयाखाली येते, आणि अर्ज तिच्या संकेतस्थळावर घरबसल्या होतो. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, मुखपृष्ठ आणि आतलं शीर्षकपान लागलं. ७ एप्रिलला अर्ज केला, १६ ला परत आला, कारण मुखपृष्ठावरचं लेखिकेचं नाव आणि शीर्षकपानावरचं नाव यात एका ‘सौ.’ चा फरक होता. सौ. काढलं. २९ एप्रिलला तेरा आकडी नंबर मिळाला. म्हणून मुखपृष्ठ आधी पक्कं करा, मग अर्ज.

संपादन मधेच, मार्चमध्ये झालं. पुण्याच्या एका बाईंनी केलं, काम चोख. पण त्यांनी पहिल्या फेरीत सगळं ‘मले’ चं ‘मला’ आणि ‘करून राहिला’ चं ‘करतो आहे’ केलं. मी फोन केला. त्या म्हणाल्या, ‘वाचकाला अडखळायला होतं.’ मी म्हटलं, हवालदार मॉरिस कॉलेजसमोर उभा राहून पुणेरी बोलला तर माझा वाचक अडखळेल. अकरा दिवस चाललं हे. शेवटी तडजोड: निवेदन प्रमाण भाषेत, माणसांच्या तोंडचं आपलं. त्यांनी एक गोष्ट फार चांगली केली, शेवटची तीन पानं काढायला लावली. त्याबद्दल पुढे सांगते.

डीटीपी महाल भागातल्या एकांकडे दिलं. मी युनिकोडमध्ये लिहिलेलं, त्यांचं काम श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये. पहिलं प्रूफ आलं आणि मी खुर्चीत बसले. मजकूर बदलून घेताना ‘दुसऱ्या’ चं सगळीकडे ‘दुसर्या’ झालं होतं, ‘कर्मचाऱ्यां’ चं ‘कर्मचार्यां’. जिथे जिथे ‘ॲ’ होता तिथे रिकामा चौकोन. माझ्या पुस्तकात अॅडव्हान्स, अॅडमिन, अॅफिडेव्हिट, सगळे चौकोन. ‘अर्चनाने चौकोनडव्हान्स मागितला.’ आधी हसू आलं, मग १३१ पानं दिसली. शोधून-बदलून निम्मं सुधारलं, उरलेलं लाल पेनाने. तीन प्रूफं झाली. पहिलं मी वाचलं, दुसरं मुद्रितशोधक काकांनी, तिसरं सासूबाईंनी भिंग लावून. सासूबाईंनी एक चूक काढली जी आम्हा कुणालाच दिसली नव्हती: पान ४१ वर अर्चनाच्या वडिलांचा उजवा हात लुळा आणि पान ९७ वर ते त्याच हाताने चहा घेतात. तुमच्याकडे कुणी निवांत वाचणारं म्हातारं माणूस असेल तर शेवटचं प्रूफ त्यांनाच द्या. डीटीपीवाल्याला काम देण्याआधी युनिकोडमध्येच पानं लावून देता का, एवढं विचारा, माझा महिना वाचला असता.

पानांचं गणित छपाईवाल्यांनी शिकवलं. डेमी आकार, सोळा पानांचा एक फॉर्म. माझी पानं १३१ भरत होती, म्हणजे नववा फॉर्म जवळजवळ रिकामा जाणार आणि पैसे मात्र पुरे. ‘तीन पानं कमी करा, आठ फॉर्मात बसेल,’ ते म्हणाले. संपादक बाई शेवटची तीन पानं काढा म्हणून आधीच मागे लागल्या होत्या आणि मी ऐकत नव्हते. छपाईवाल्यांच्या सांगण्यावरून ऐकलं. त्या तीन पानांत अर्चना आणि प्रफुल्ल लग्न करतात आणि ती बदलीचा अर्ज लिहिते. अर्जाच्या विषयात ‘पती-पत्नी एकत्रीकरण’ असं आमच्याकडे खरंच लिहितात. त्या शब्दावर माझा फार जीव होता. काढलं. आता पुस्तक संपतं तेव्हा ती फक्त कोऱ्या कागदावर समास आखते आणि ‘विषय:’ लिहून थांबते. वाचणाऱ्यांतले निम्मे विचारतात, पुढे काय? आमच्या कार्यालयातले कुणी विचारत नाहीत. त्यांना विषय कळतो.

छपाई मेअखेर. ७० जीएसएम नॅचरल शेड कागद, मुखपृष्ठ ३०० जीएसएमवर मॅट लॅमिनेशन, तीनशे प्रती. बाहेर उकाडा आणि प्रेसमध्ये पंखा गरम हवा फिरवून राहिलेला. पहिल्या वीस प्रतींत आठवा फॉर्म उलटा लागला होता. त्यांनी काही न बोलता बदलून दिल्या, पण मी तिथे उभी राहून प्रत्येक गठ्ठ्यातली एक प्रत चाळली म्हणून ते दिसलं. प्रती ताब्यात घेताना लाजू नका, बसा आणि चाळा. सगळ्या प्रती १४ जूनला घरी आल्या.

खर्च, पावत्यांप्रमाणे: संपादन ६,०००. मुद्रितशोधन २,५६०. डीटीपी पानामागे ४५ रुपयांप्रमाणे ५,७६०. मुखपृष्ठ ३,५००. छपाई आणि बांधणी प्रतीमागे ९२ प्रमाणे २७,६००. कॉपीराइट ५००. ग्रंथालयांना प्रती पाठवायचं कुरिअर ३४०. एकूण ४६,२६०. किंमत ठेवली २०० रुपये. दुकानदार चाळीस टक्के घेतात, ते आधी कळलं असतं तर अडीचशे ठेवली असती.

ग्रंथालयांचं बऱ्याच जणांना माहीत नसतं. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने प्रकाशनापासून तीस दिवसांत स्वखर्चाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत द्यायची असते. यांनी दुकानातून चार पार्सलं बांधली, वायरचे बंडल बांधतात तशी, घट्ट. कोलकात्याहून पोच आली तेव्हा मी ती फाइलला लावली. तारीख होती.

प्रकाशन समारंभ केला नाही. जुलैतल्या एका शनिवारी वाचनालयाच्या खोलीत बावीस जण जमले, तर्री पोहे आणि चहा, आस्थापनाच्या ताईंनी मोर्चाचं प्रकरण वाचलं. ताई वाचताना हवालदाराच्या आवाजात बोलल्या आणि मागच्या रांगेतून कुणीतरी शिट्टी मारली. आमचे साहेब आले होते. त्यांनी चहा गरम असतानाच प्यायला, मुद्दाम, मी पाहिलं.

यांचं सांगायचं राहिलं. पुस्तक यांनी छापून आल्यावरच वाचलं, दुकानात, गिऱ्हाईक नसताना. आठ दिवस काही बोलले नाहीत. मला वाटलं झालं, यांनाही तोच प्रश्न पडला. नवव्या दिवशी जेवताना म्हणाले, ‘चौदा नंबरच्या खोलीत गीझरला अडीच एमएमची वायर दाखवली आहेस. दोन किलोवॅटला चालते. पण पुढच्या आवृत्तीत चार लिही, सरकारी काम आहे, पुढे कुणी मोठा गीझर लावतो.’ मी बरं म्हटलं.

आज हिशेब असा: चार ग्रंथालयांना, अडतीस भेट, एकशे एकोणसत्तर विकल्या. उरलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत आतल्या खोलीत आहेत. दुकानाच्या सवयीने यांनी शाळेच्या दोनशे पानी वहीत रकाने आखून त्यांची नोंद ठेवली आहे, मला सांगितलंही नव्हतं. परवा एका वाचकाला प्रत द्यायला वही उघडली. शेवटची ओळ होती: ‘शिल्लक ८९.’ शेऱ्यात लिहिलं होतं, ‘१ भिजली होती, वाळवून ठेवली.’ मी पेन घेतलं आणि खाली लिहिलं, ‘कोणी?’

काल पाहिलं तर उत्तर होतं. तारीख नव्हती.